खाली पट्टी चालू होती

अलार्म वाजला तेव्हा तो अलार्मच्या पुढ्यातच बसला होता, आणि त्याला तो ऐकू आला नाही. हे त्याला मागाहून कळलं. म्हणजे सांगण्यात आलं. त्याच्या बाजूने पाहिलं तर घडलं होतं ते एवढंच, की भिंतीवरच्या अनेक पडद्यांपैकी एकावर बातम्या देणारी बाई पाण्याचा ग्लास उचलत होती, आणि लगेच, मध्ये काहीच न घडता, तिथे हवामानाचा नकाशा होता. ग्लास ओठांपर्यंत पोचला नाही, बाईने घोट घेतला नाही, आता हवामान पाहू या असं कुणी म्हटलं नाही. ग्लास, आणि एकदम ढग. फीत कापून जोडताना मधला तुकडा खाली पडून जावा तसं. आणि त्याच्या खांद्याशी भोंगा उभा होता.

भोंगा म्हणजे टीव्ही वाहिन्यांवर नजर ठेवायच्या त्या खोलीतली सगळ्यात जुनी ऑपरेटर. बाईमाणूस, पण नाव भोंगा, कारण हळू बोलणं तिला जमत नसे; गुपितसुद्धा ती जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने सांगे. पाठीमागे सगळे आपल्याला काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि त्याला पाठीमागे जे म्हणत ते ती त्याला सरळ तोंडावर म्हणे.

"अहो मर्यादापुरुषोत्तम," ती म्हणाली, "डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या कुठे शिकलात? आम्हालाही शिकवा. आमचा जन्म गेला इथे, अजून झोपायला डोळे मिटावे लागतात."

"काय झालं?"

"काय झालं म्हणे! खेळांच्या वाहिनीचं चित्र गोठलं होतं. तो अलार्म बोंबलतोय, लाल दिवा थयथयाट करतोय, मी चहा टाकून पळत आले, आणि तुम्ही आपले त्या दिव्याकडे बघत शर्टाचं बटण कुरवाळताय. दोन हाका मारल्या. शेवटी मीच बंद केला."

"विचारात होतो."

"विचार घरी करा. इथे बघायचा पगार मिळतो."

तो हसला. हसणं वेळेवर आलं, याचं त्याला बरं वाटलं. मग त्याने खाली पाहिलं. त्याचा अंगठा शर्टाच्या दुसऱ्या बटणावर होता आणि बटणाच्या कडेने हळूहळू फिरत होता, जणू तो कुणा दुसऱ्याचा अंगठा असावा आणि त्याला अजून काम संपल्याचा निरोप मिळाला नसावा. कानांच्या मागे त्याला गार वाटलं. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली होती. चहा त्याने नुकताच ओतून घेतला होता. नुकताच म्हणजे त्याच्या हिशेबाने.

मर्यादापुरुषोत्तम हे नाव पडलं होतं त्याच्या कामावरून. कंपनीच्या वाहिन्या वाढल्या आणि त्यांच्याकडे बघणारी माणसं घटली, म्हणून यंत्र आणलं गेलं. यंत्र सगळीकडे एकाच वेळी बघू शकतं, पण त्याला अक्कल नसते, ती बाहेरून घालावी लागते; आणि ती घालणारा हा. पडदा काळा पडला तर किती सेकंदांनी ओरडायचं. चित्र हललं नाही तर किती सेकंदांनी. आवाज किती खाली गेला म्हणजे गेला म्हणायचं, आणि किती वेळ गेलेला राहिला म्हणजे माणसांना उठवायचं. प्रत्येक गोष्टीची मर्यादा तो ठरवी. ऐकायला सोपं आहे. पण बुद्धिबळाच्या सामन्यात दोन माणसं डोकं धरून बसतात, आणि यंत्राला वाटतं चित्र गोठलं. मालिकेतली नायिका मरण्यापूर्वी थांबते, आणि यंत्राला वाटतं आवाज गेला. ती मेल्यावर मात्र एवढं संगीत वाजतं की यंत्र निर्धास्त होतं. सकाळच्या ध्यानाच्या कार्यक्रमाने तर पहिल्या आठवड्यात इतके अलार्म वाजवले की भोंग्याने बझरच्या जाळीत कापूस कोंबला आणि वरून चिकटपट्टी मारली. जगातल्या अशा कुठल्याही खोलीत जा, बझरच्या तोंडावर चिकटपट्टी सापडेल. मर्यादा कडक ठेवली तर अलार्म सारखा वाजतो, आणि सारखा वाजणारा अलार्म मुक्यापेक्षा वाईट, कारण मुका निदान खोटं बोलत नाही. सैल ठेवली तर एके दिवशी घराघरांत काळा पडदा जातो आणि तुम्ही मजेत सँडविच खात असता. या सगळ्यावर साहेबांचं धोरण स्पष्ट होतं. "हे बघ," ते म्हणाले होते, "उगीच वाजता कामा नये. आणि काही सुटताही कामा नये." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच श्वासात म्हटली, आणि आपण एक प्रश्न कायमचा सोडवला अशा चेहऱ्याने फोन उचलला. तेव्हा त्याने जाळीतला कापूस चिमट्याने काढला आणि महिनाभर बसून एकेका वाहिनीचा स्वभाव शिकून घेतला. कोण किती वेळ गप्प राहतं, कुणाचं चित्र कधी स्थिर असतं, कुणाचा अंधार खरा आणि कुणाचा नाटकी. त्या कामावर त्याचा हात बसला होता. आता अलार्म वाजला की तो खरा असे. त्या दिवशीचाही खराच होता.

प्रसाधनगृहात जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं आणि आरशात पाहिलं. आरशातल्या माणसाने ताबडतोब परत पाहिलं, हेही बरं वाटलं. पण अंगठा आठवला, आणि अंगठ्याबरोबर वडील. वडील पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होते आणि आळीत त्यांची ख्याती विचारवंत म्हणून होती. ही ख्याती त्यांनी काही लिहून किंवा बोलून मिळवलेली नव्हती. ती त्यांना न बोलून मिळाली. कुणी काही विचारलं की ते कधीकधी मध्येच थांबत. चमचा अर्ध्यावर, नजर समोरच्याच्या कपाळातून आरपार, आणि डाव्या हाताचा अंगठा सदऱ्याच्या बटणावर गोल गोल. समोरचा माणूस अदबीने वाट पाही. मग वडील परत येत, ओठ ओले करत आणि म्हणत, "बघू." त्या एका शब्दात एवढ्या दुरून आल्याची खूण असे की लोक समाधानाने घरी जात. भांडणं घेऊन लोक त्यांच्याकडे येत, स्थळं घेऊन येत. आई मात्र ताटाच्या कडेवर चमच्याने वाजवी आणि हळू म्हणे, "अहो." मुलगा म्हणून त्याला वडिलांचा अभिमान वाटे, आणि आई त्यांचे विचार मोडते म्हणून तिचा राग येई. तिच्या आवाजात काय असे ते त्याला तेव्हा समजलं नव्हतं. आता, पाणी गळणाऱ्या हनुवटीने उभा असताना, समजलं. घाबरलेली असे ती. आणि वडील गेले तेही असेच. कार्यालयासमोरचा रोजचा रस्ता ओलांडताना मध्यावर उभे राहिले. टेम्पोवाला रडत होता, सगळ्यांना एकेक करून सांगत होता, "साहेब, ते माझ्याकडेच बघत होते हो. मला वाटलं, थांबलेत. मग चालायला लागले." शोकसभेत वक्त्याने सांगितलं की विचारात मग्न असतानाच त्यांना मृत्यू आला, चिंतकाला याहून सुंदर मरण कोणतं, आणि त्याने, पुढच्या रांगेत बसून, मान डोलावली होती.

घरी त्याने काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? दमला होता, चहा निवला, झालं. बायको शाळेत गणित शिकवायची आणि घरी आल्यावर शाळेतलं सगळं सविस्तर सांगायची, आणि मध्ये मध्ये विचारायची, "ऐकतोयस ना?" हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून विचारत होती. नवरा ऐकत नाही ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिच्या आडोशाला काहीही लपू शकतं. त्या संध्याकाळी ती मुख्याध्यापिकेबद्दल सांगत होती, आणि त्याला एकदम शंका आली की मुख्याध्यापिका मघाशी जिन्यात होत्या त्या आता परीक्षेच्या हॉलमध्ये कशा आल्या. गोष्टीतच त्या तेवढ्या लवकर पोचल्या, की मधला जिना त्याच्याकडून निसटला? पूर्वी असं झालं असतं तर त्याने नुसतं हं म्हटलं असतं. आता त्याला नुसतं हं म्हणवेना. "मग?" तो म्हणाला. "अरे मग काय मग? तेच तर सांगितलं आत्ता. तू ना, अगदी भिंत आहेस, भिंत." ती हसत म्हणाली. तोही हसला. भिंत म्हणजे ज्याच्यावर पडदे असतात ती, असा काहीतरी विनोद त्याला सुचला आणि त्याने तो केला नाही.

मग त्याने जे केलं ते त्याच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. त्याने स्वतःला मर्यादा लावली. विचार असा, की क्षणिक खंड सगळ्यांनाच असतो. कुठल्याच वाहिनीचं चित्र सलग नसतं. बारीक फट पडते, बुजते, कुणाला दिसतही नाही, आणि प्रत्येक फटीला अलार्म लावणारा इंजिनियर पहिल्याच आठवड्यात वेडा होतो. तेव्हा दहा सेकंदांच्या आत असेल तर दखल घ्यायची नाही. दहाच्या वर गेलं तर डॉक्टर. हे ठरल्यावर त्याला जवळजवळ आनंद झाला. डॉक्टरकडे गेलं की काय होतं ते त्याने वाचलं होतं, अर्ध्यावर बंदही केलं होतं: गाडी चालवायची नाही, पोहायचं नाही, शिडीवर चढायचं नाही. आणि नोकरी. कान आणि डोळे यांच्यावर चालणारी नोकरी, आणि अर्जात लिहायचं, की कधीकधी दोन्ही नसतात. शिवाय घरात एकच गाडी, बायकोला चालवता येत नाही. मुलीला शनिवारी पोहण्याच्या वर्गाला तोच सोडतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या अर्ध्या तासात मुलगी मागच्या सीटवरून अखंड बोलते. तेवढंच तिचं आणि त्याचं असं काही आठवड्यात असतं.

पण मोजायचं कसं, हा प्रश्न उरला. मोजणाराच जागेवर नसतो. मनगटावरच्या घड्याळाकडे तो सारखा बघू लागला, इतका, की सभेत साहेब म्हणाले, "कुठे जायचंय का तुला?" लिफ्टचं दार मिटून उघडलं की वरचा आकडा तो तपासून पाही, मधले मजले गेले की खाल्ले. नळ चालू असला तर बादली किती भरली. पुस्तकाच्या पानावर बोट कुठे होतं. जग पूर्वी एका तुकड्याचं होतं, ते आता जागोजाग जोडलेलं दिसू लागलं, आणि प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून पाहण्याशिवाय त्याला राहवेना. खंड पडण्याआधी पोटातून काही वर सरकल्यासारखं होतं, असंही त्याने वाचलं होतं; तसं झालं की तो टेबलाची कड घट्ट धरून बसे. बहुतेक वेळा ती भूक असे. एकदा कड धरून बसला असताना भोंगा म्हणाली, "भूकंप होतोय का? मला नाही जाणवला." एकदा मात्र ती हळू बोलली. भोंगा हळू बोलली हेच भयंकर होतं. "बरं आहे ना सगळं घरी?" तिने विचारलं. "माझ्या दिराला असंच—" "सगळं छान आहे," तो म्हणाला, इतक्या चटकन की तिचं वाक्य अर्धंच राहिलं. दिराचं काय झालं ते त्याने विचारलं नाही. भिंतीशी बसणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटरने एकदा सांगितलं की सर, मघाशी तुम्ही पंधरा-वीस सेकंद तरी नुसते बघत होतात. घरी जाईपर्यंत त्याने मर्यादा वीस केली. तांत्रिकदृष्ट्या यात काही गैर नव्हतं. पहिल्या अंदाजाने लावलेला आकडा अनुभवाने सुधारायचा असतो, हे यंत्राच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे.

आणि मग बातम्यांची वाहिनी गेली. गेली म्हणजे भर दुपारी, सगळे जागेवर असताना. बातम्या देणारी बाई कुठल्याशा पुलाबद्दल सांगत होती, आणि 'पू' म्हणताना तिचे ओठ गोल झाले ते तसेच राहिले. आवाजाऐवजी तिच्या मागचं कसलंसं संथ संगीत तेवढं चालू राहिलं. ओठ गोल, एक भुवई वर, मोठ्या आश्चर्याने ती चार मिनिटं सगळ्या घरांकडे बघत राहिली. यंत्र गप्प. भोंग्याने पाठ वळवलेली, कारण अलार्म वाजल्याशिवाय बघायचं नाही ही सवय यंत्रानेच तिला लावली होती. शेवटी एका बाईंचा फोन आला. वयस्कर आवाज, त्यांनी विचारलं की त्या मुलीला काही झालंय का, कुणी तिला पाणी तरी देणार आहे का. मग पळापळ. सगळं सुरळीत झाल्यावर तो यंत्रापुढे बसला, आणि कारण त्याला बसण्याआधीच कळलं होतं. चित्र गोठलं तरी पडदा पूर्ण गोठत नाही. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे जात असतं आणि खाली बातम्यांची पट्टी सरकत असते, कारण त्या दोन्ही गोष्टी वेगळ्या यंत्रातून, वरून चढवलेल्या असतात. यंत्राला तेवढीही हालचाल पुरते. बाईचा पुतळा झाला तरी खाली पट्टी सरकतेय, म्हणजे वाहिनी जिवंत आहे, असं ते धरून चालतं. म्हणून आधी त्या दोन जागा चौकटी आखून झाकायच्या असतात: इथे बघू नकोस, इथली हालचाल ही हालचाल नव्हे. हे या कामातलं बाळबोध ज्ञान. त्याने ते स्वतः इतरांना शिकवलं होतं. या वाहिनीला चौकटी आखल्याचं त्याला स्पष्ट आठवत होतं. माउसची टकटकसुद्धा आठवत होती. त्याने आता उघडून पाहिलं. घड्याळावर चौकट होती, नेटकी, कोपऱ्याला कोपरा जुळवलेली. पट्टीवरची चौकट डावीकडून सुरू झाली होती आणि निम्म्यावर थांबली होती. तिथून पुढे पट्टी उघडीच. आणि तरीही खाली त्याने 'जतन करा' दाबलेलं होतं.

तो त्या अर्ध्या चौकटीकडे बघत राहिला. आणि आपण नुसते बघतच राहिलो आहोत, याची त्याने घड्याळावर खात्री करून घेतली. म्हणजे हात काम करत होता. तो नव्हता तेव्हाही हाताने माउस धरला होता, बोटाने योग्य बटण दाबलं होतं, आणि बहुधा पाठीमागून कुणी काही विचारलं असेल तर तोंडाने हं म्हटलं असेल. खाली पट्टी चालू होती. तेवढ्यावर सगळे, बायको, साहेब, भोंगा, तो स्वतः, धरून चालले होते की वाहिनी जिवंत आहे. किती? हा प्रश्न त्याने आजवर केला नव्हता. लोकांनी सांगितले तेवढे खंड त्याला माहीत होते. न सांगितलेले? पुढ्यात कुणीच नव्हतं तेव्हाचे? बंद पडलेली वाहिनी कधी कळवत नाही की मी बंद आहे. ती पुन्हा सुरू होते तेव्हाही तिला वाटतं की आपण सलग बोलत होतो.

साहेबांनी बोलावलं. जाताना त्याने ठरवलं की सांगून टाकायचं. दार उघडताना वाक्यही तयार होतं. पण साहेब खुशीत होते. "अरे, चार मिनिटं! आणि तक्रार किती? एक. एका म्हातारीचा फोन. बाकी कुणाला पत्ताच नाही. मी वरती सांगितलं, म्हटलं पट्टी चालू होती ना, लोक पट्टीच वाचतात." ते हसले. "तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. तेवढी चौकट नीट कर, आणि त्या अलार्मचा आकडाही थोडा वाढवून टाक. उगीच धावपळ नको." "हो सर," तो म्हणाला. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि या सुटकेचीच त्याला इतर कशाहीपेक्षा जास्त भीती वाटली.

शनिवारी त्याने गाडी काढली. काढताना किल्ली हातात धरून तो जरा उभा राहिला. मुलीच्या पाठीवर पोहण्याची पिशवी, डोळ्यांवर आत्ताच चढवलेला पाण्यातला चष्मा. "बाबा, चल ना, मला डाइव्ह शिकवणारेत." "आज बसने जाऊ या का?" त्याने विचारलं. "बसने? दोन बदलाव्या लागतात! तोपर्यंत सगळे बुडी मारून घरी." बायको बाल्कनीतून ओरडली, "अरे, निघा आता, उशीर होतोय!" तेव्हा तो निघाला. ऊन स्वच्छ होतं. त्याने आरसे दोनदा नीट केले, वेग बैलगाडीचा ठेवला, आणि डोळ्यांत तेल घालून रस्ता पाहू लागला. मुलगी मागून बोलत होती: पोहण्याच्या सरांचं पोट पाण्यात तरंगतं त्याबद्दल, एका मैत्रिणीबद्दल जी पाण्यात डोळे उघडे ठेवते आणि मग रडल्यासारखी दिसते. तो प्रत्येक वाक्याला हं म्हणत होता आणि प्रत्येक हं स्वतःच्या कानांनी ऐकत होता. पेट्रोल पंप गेला. पुतळ्याचा चौक गेला. मोठ्या सिग्नलला दिवा लाल होता, त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली, पुढे एक मोटारसायकल, तिच्यावरच्या माणसाच्या पाठीवर गिटारची पिशवी.

हॉर्न. मागून, बाजूने, सगळीकडून हॉर्न, इतके की ते आवाज न वाटता भिंत वाटत होते. दिवा लाल होता. पुढे मोटारसायकल नव्हती. पुढे काहीच नव्हतं, चौकाच्या मध्यापर्यंत नुसता उजेड, आणि गाडीचं तोंड पांढऱ्या पट्ट्यांच्या पार पलीकडे गेलेलं. एक बस अगदी समोरून वळसा घालून गेली आणि तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी म्हटलं. दोन सीटच्या मधून त्याची मुलगी कंबरेपर्यंत पुढे आली होती. तिचे दोन्ही हात हँडब्रेकवर होते, बोटांची पेरं पांढरी. चष्मा अजून डोळ्यांवर होता.

"बाबा," ती म्हणाली. "आलास?"

त्याने ओठ ओले केले. "काय केलंस तू?"

"ब्रेक ओढला. तुझा पाय सुटतो ना, मग गाडी पुढे जायला लागते. मागच्या वेळी पण ओढला होता."

"मागच्या वेळी?" मागच्या शनिवारी सगळं नीट झालं होतं. मागच्या शनिवारी त्यांनी येताना आइस्क्रीम खाल्लं होतं. तो दिवस त्याच्याकडे अख्खा होता, सांधा नसलेला. "मागच्या वेळी कुठे?"

"त्या पुलाखाली. आणि त्याच्या आधी आपल्या गेटपाशी, पण तेव्हा गाडी बंदच होती." ती समजावून सांगत होती, तो समजून घ्यायला जड आहे अशा सबुरीने. "तू जातोस ना मध्येच, तेव्हा मी मोजते. वीसच्या आत येतोस तू. नेहमी येतोस."

"आणि वीस झाले तर?"

तिने चष्मा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवती दोन लाल कडी उमटली होती. "आज झाले," ती म्हणाली.

"मग?"

"मग मी परत एकपासून मोजलं."

हॉर्न वाजत होते. त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली, आणि किल्ली कुठे ठेवावी ते न कळून ती मुलीच्या पोहण्याच्या पिशवीत टाकली, टॉवेलच्या कप्प्यात, आणि चेन लावली. त्याने दरवाजा उघडला. तिला त्याने बाहेर घेतलं, तिचा हात धरला. खरं म्हणजे तिने त्याचा धरला, रस्ता ओलांडताना मोठी माणसं धरतात तसा, मनगटाच्या वर. फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघं बसली. गाडी चौकात दार उघडं टाकून उभी होती. एक पोलीस तिच्याभोवती फिरत होता आणि इकडे तिकडे मालक शोधत होता. "आईला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. "तू पण नाही सांगितलंस," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता. तिला वाटलं होतं की हे असंच करायचं असतं. तिच्या पायांत पोहायला जाताना घालायच्या निळ्या चपला होत्या आणि ती एका चपलेने दुसरी दाबत बसली होती. ती थरथरत होती, हे त्याला आता दिसलं. ती कधीपासून, कुठल्या शनिवारपासून थरथरत होती कोण जाणे.

त्याने फोन लावला. बायकोने उचलला. तिच्या मागे मिक्सर चालू होता, तो तिने बंद केला. "पोचलात?" "नाही," तो म्हणाला, आणि मग सांगू लागला. मागून सुरुवात केली, चौकापासून, मग पूल, मग अर्धी चौकट, मग चहावरची साय, आणि शेवटी वडील, रस्त्याच्या मध्यावर, टेम्पोवाल्याकडे बघणारे. एकही आकडा कमी केला नाही. सांगून झाल्यावर पलीकडे काहीच नव्हतं. श्वासही नाही. शांततेत काय काय असतं हे ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. कुठली नाटकी, कुठली खरी, कुठली तार तुटल्याची. ही कुठली ते त्याला कळेना. किती वेळ झाला तेही कळेना. ती बोलत नव्हती, की बोलून झालं होतं आणि तोच नव्हता? त्याने मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, आवाज न करता, एकापुढे एक.

तिने हात पुढे करून त्याच्या कानावरचा फोन काढून घेतला.

"आई," ती म्हणाली, "बाबा आत्ता आहे. लवकर ये."